फर्किन, हॉग्सहेड, बट : सगळ्यांना ‘पिंप’च म्हणायचे का?

पानगळ (धागा)
मी अनुवादांचे मुद्रितशोधन करते. नुकत्याच हाती आलेल्या एका इंग्रजी सागरी कादंबरीच्या अनुवादात मूळच्या बट, हॉग्सहेड, टियर्स आणि फर्किन या चारही शब्दांसाठी एकच ‘पिंप’ वापरलेले आहे, आणि मला ते मुळीच मान्य नाही. ही केवळ भांड्यांची नावे नाहीत, ती मापे आहेत. इंग्लंडच्या जुन्या वाइन-मापात 252 गॅलनांचा एक टन होई. त्याचा अर्धा भाग म्हणजे पाइप किंवा बट, पाव भाग म्हणजे 63 गॅलनांचे हॉग्सहेड आणि सहावा भाग म्हणजे 42 गॅलनांचे टियर्स. आज कच्च्या तेलाचा भाव ज्या बॅरलवर ठरतो, ते 159 लिटरांचे बॅरलही 42 गॅलनांचेच आहे. जहाजात असे किती टन मावतात यावरून त्याची क्षमता सांगण्याची रीत पडली, ती ‘टनेज’ या शब्दात अजून टिकून आहे.

कादंबरीत एक पोरगेला खलाशी 56 पौंड लोण्याचे फर्किन खांद्यावर टाकून शिडी चढतो आणि पुढच्याच पानावर वाइनने भरलेली बट हलवायला सहा जण दोरखंड लावतात. दोन्हीकडे ‘पिंप’ वाचल्यावर तो मुलगा बलदंड ठरतो किंवा ते सहा जण आळशी! मूळ शब्द तसेच ठेवून पहिल्या उल्लेखाच्या ओघात माप सांगावे, असे माझे ठाम मत आहे.

तळटीप
पानगळ, आपला प्रसंग चपखल आहे, पण निष्कर्ष पटत नाही. ‘पिंप’ हाच मुळी पोर्तुगीज ‘पिपा’वरून आलेला शब्द आहे. पोर्ट वाइनच्या व्यापारात त्याचे माप अजूनही साधारण 550 लिटर धरतात. मराठीने मात्र माप सोडले आणि शब्द ठेवला. म्हणूनच पाणी भरून ठेवायचे निळे प्लास्टिकचे भांडेही आपण बिनदिक्कत पिंप म्हणतो. परका शब्द पचवायची भाषेची रीतच ही आहे. स्वतःच्या पायली, अधोली, चिपटे-मापटे यांतले नेमके प्रमाण ज्यांना आता सांगता येत नाही, त्या वाचकांना टियर्स आणि फर्किन पाठ करायला लावणे हा अन्याय आहे. खांद्यावरचे ‘लहानसे पिंप’ आणि दोरखंडाचे ‘थोरले पिंप’ एवढ्याने आपला प्रसंग उभा राहतो.

वाकस
मापांवर इतकी चर्चा झाली, पण कारागिराचे काय? अनुवादांत कूपरला, म्हणजे लाकडी पिंपे घडवणाऱ्या कारागिराला, सर्रास ‘सुतार’ केलेले असते, हे मला अधिक खटकते. इंग्लंडमध्ये या कामासाठी 7 वर्षांची उमेदवारी करावी लागे, ती उगाच नव्हे. प्रत्येक फळी मधे रुंद, टोकांना निमुळती आणि कडांना नेमक्या कोनात तिरपी तासायची. फळ्या कड्यात उभ्या करून आत शेकोटी पेटवायची आणि लाकूड तापून नरमले की वाकवायचे. सांध्याला खिळा नाही, सरस नाही. झाकणाच्या फळ्यांमध्ये तेवढी लव्हाळ्याची सुकी पात बसवतात. पिंप भरले की लाकूड फुगते आणि सांधे आपोआप आवळतात. या माणसाला ‘पिंपकार’ म्हणावे. पिंपाच्या लोखंडी कड्यांसाठी तर बैलगाडीच्या चाकावरच्या लोखंडी पट्टीचा ‘धाव’ हा शब्द आयता आहे.

तळटीप
‘पिंपकार’ मी आनंदाने स्वीकारतो, ‘धाव’ नाही. धाव तापवून चढवतात आणि ती निवताना चाक आवळते. पिंपाचे कडे थंडच असते. पिंप पोटाकडे फुगत जाते, म्हणून हातोडीने ठोकत खाली सरकवले की ते घट्ट बसते. दोन वेगळ्या क्रियांना एक शब्द दिला तर वाचकाच्या डोळ्यांपुढे चुकीचे चित्र उभे राहील.

पानगळ
तळटीप, कड्याबद्दल आपण जो आग्रह धरला, तोच मी मापांबद्दल धरते आहे. विशेषणांनी खांद्यावरचा प्रसंग सावरेल, हे मान्य. परंतु त्याच कादंबरीत जहाजावरच्या मालाची यादी आहे आणि तिच्यातील नोंदींवरून कप्तान चोरी पकडतो. तिथे ‘थोरले’ आणि ‘लहानसे’ यांनी हिशेब लागत नाही. त्या यादीत हॉग्सहेड आणि टियर्स राहू द्यावेत, असेच मी अनुवादकाला कळवणार आहे, ‘पिंपकार’ही सुचवीन.