प्रतिसाद: ब्राइटनेसच्या आधी लेव्हल्स बघा

पावसाळ्यातल्या गडाचा धुरकट फोटो कसा सुधारायचा, या प्रश्नावर वर बहुतेकांनी 'ब्राइटनेस वाढवा' सुचवलंय. त्याने धुकं आणखी पांढरं होईल, कारण साध्या ब्राइटनेसने सगळेच पिक्सेल वर सरकतात आणि आधीच 255 च्या (म्हणजे पूर्ण पांढऱ्याच्या) जवळ असलेला ढग पांढराफटक होतो. तपशील गेला की गेला.

त्यापेक्षा ब्राउझरमध्ये फोटोपी हा फोटो एडिटर उघडा (फुकट आहे, फोटो सर्व्हरवर जात नाही) आणि कंट्रोल+एल दाबून लेव्हल्स (काळं कुठे नि पांढरं कुठे ते ठरवायची खिडकी) काढा. धुरकट फोटोचा हिस्टोग्राम (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कुठल्या छटेचे किती पिक्सेल, याचा आलेख) मध्येच गोळा झालेला असतो, डावीकडे रिकामी जागा. त्याखालचा डावीकडचा काळा त्रिकोण आलेख सुरू होतो तिथवर सरकवा, कातळ लगेच उठून दिसतो. मग मधल्या छटा उजळ-गडद करणारा मधला त्रिकोण चवीपुरता सरकवा.

आजोबांच्या पिवळ्या पडलेल्या फोटोलाही हेच चालतं, फक्त लेव्हल्समध्ये चॅनल (एकेका रंगाचा थर) निळा निवडायचा आणि पांढरा त्रिकोण आत ओढायचा.

सॅच्युरेशन शेवटी, तेही जपून. हिरवा रंग पटकन प्लास्टिकसारखा होतो. तयार 'विंटेज' वगैरे फिल्टर मला तरी नकोच वाटतात. आणि जेपेग एकदाच, अगदी शेवटी सेव्ह करा, मूळ फाइल वेगळी ठेवून. दर वेळी सेव्ह करताना थोडी प्रत घसरतेच.