‘पाच लाखांच्या आत बसवून देतो’: खोट्या वजावटीत दोषी कोण?

तळेगावकर:
आमचे दाजी चाकणला एका कारखान्यात फिटर आहेत. वर्षाचा पगार साडेसहा लाख. २०२३-२४ चं रिटर्न गेटबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या एजंटाने भरलं. "पाच लाखांच्या आत बसवून देतो, कापलेला सगळा टॅक्स परत!" १७,१६० रुपये रिफंड आला, त्यातले अडीच हजार त्याने रोख घेतले. आता कळतंय की आयकराच्या ८० जीजीसी कलमाखाली राजकीय पक्षाला ६०,००० ची देणगी दाखवली होती. दाजी गणपतीची वर्गणी १०१ रुपये देतात, तीही पावती हातात पडल्यावर.

१४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने देशभर १५० ठिकाणी तपासणी केली, ती अशाच टोळ्यांची. पण भरायचं कुणी? दाजींनी. चुकीची माहिती दिली म्हणून कराच्या २०० टक्के दंड लागू शकतो, म्हणजे ३४ हजारांवर. शिवाय मूळ कर आणि व्याज. एजंट आणि दाजी एकाच मापाने मोजायचे?

हिशोबी:
ओटीपी कुणी दिला? फिटर माणूस मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं माप घेतो, आणि 'सगळा टॅक्स परत' कसा येतो हे विचारावंसं वाटलं नाही? माझाही दर महिन्याला कापला जातो. मी मूर्ख म्हणून गप्प बसतो का? रिफंड खाताना गोड लागला, आता कडू लागतोय.

गिरणगावची लेक:
ओटीपीचं काय सांगता! सिमकार्ड, गॅस, बँक, जो मागेल त्याला ओटीपी देत आपण जगतो. कुठल्या कागदावर सही झाली हे कुणाला दिसतं? आणि पगारदार सापडतो कारण त्याचा फॉर्म १६ खात्याकडे आयता असतो. फ्लॅट घेताना 'थोडे कॅशमध्ये द्या' म्हणणारा बिल्डर असा एका क्लिकवर सापडतो का?

हिशोबी:
बिल्डर चोर म्हणून फिटरला माफी, हा न्याय कुठला? तपासणीआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० जणांनी अपडेटेड (म्हणजे आधीची चूक स्वतःहून दुरुस्त केलेलं) रिटर्न भरून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले, हा खात्याचाच आकडा आहे. सगळेच भोळे होते?

जमाखर्च:
भांडणात एक गंमत निसटतेय. (मी लोकांची रिटर्न भरून पोट भरतो, तेव्हा टोमणे मारा हवं तर.) साडेसहा लाखांतून ५०,००० स्टँडर्ड डिडक्शन गेले, उरले ६ लाख. पीएफ-एलआयसीचे ८०,००० धरले तर ५.२० लाख. जुन्या करपद्धतीत (जिथे अशा वजावटी चालतात) त्यावर सेससकट कर बरोबर १७,१६०. पाच लाखांच्या आत आलं की कलम ८७ए ची करसूट मिळून शून्य. म्हणून ती देणगी.

पण त्या वर्षी नव्या करपद्धतीत करपात्र उत्पन्न ७ लाखांपर्यंत असलं तर कर शून्यच होता! पीएफ, एलआयसी, देणगी, काहीही न दाखवता. तेच टेबल, तोच रिफंड, फक्त पद्धत बदलायची. त्या शहाण्याने सरळ रस्ता सोडून दाजींना खोटं बोलायला लावलं, तेही फुकट.

गिरणगावची लेक:
म्हणजे सरकारचं बुडालं काय?

हिशोबी:
खोटी देणगी ती खोटीच. पण जमाखर्च, हे वाचून पहिल्यांदा मलाही त्या एजंटाचा राग आला, मान्य.

जमाखर्च:
तळेगावकर, वाद नंतर घाला. खात्याकडून काही आलंय का ते आधी बघा. काहीच आलं नसेल तर अपडेटेड रिटर्नचा विचार करता येईल. त्याची मुदत २०२५ च्या अर्थसंकल्पात दोनाची चार वर्षं झाली. कर-व्याजावर पहिल्या वर्षी २५ टक्के जादा, दुसऱ्या वर्षी ५०, पुढे ६० आणि ७०. दाजींची टाळाटाळ महागात पडेल.

तळेगावकर:
काल रात्री दाजींकडे बसूनच लॉगिन केलं. पासवर्ड एजंटाकडे, त्याचा फोन बंद. शेवटी आधारच्या ओटीपीने बदलला. प्रोफाइलमध्ये ईमेल दाजींचा नव्हताच, अक्षरं-आकडे कसेही जोडून केलेला कुठलातरी पत्ता होता. पत्रं तिकडेच जात असणार. कंपनीच्या एचआरचा मेसेज आला नसता तर आम्हाला पत्ताच लागला नसता. ताई मागून म्हणाली, "दोन हजार पाचशे देऊन हे घेतलंत?" दाजी काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले.