मदत हवी आहे: गोल पाइपला खाच मारण्यासाठी कमी खर्चातला ट्यूब नॉचर (ठाणे)

चौकट_ठाणे

नमस्कार. रेलिंग, सायकल स्टँड, पत्र्याच्या शेडचे खांब अशी कामं आहेत. महिन्याला साधारण १५० खाचा. सध्या ग्राइंडरने अंदाजे फिशमाउथ (दुसऱ्या पाइपच्या गोलाईवर बसणारी, माशाच्या तोंडासारखी खाच) काढतो आणि उरलेली फट रॉडने भरतो. वेळ जातोच, शिवाय वेल्डिंग जाड दिसतं. बजेट १० हजार, होलसॉ (गोल भोक पाडणारं कपासारखं दातेरी पातं) धरून. जवळ १३ मिमी चकचं बेंच ड्रिल आणि एक हँड ड्रिल आहे. जास्त काम दीड इंची आणि एक इंची पाइपचं, कधीतरी स्टेनलेस. होलसॉवाला नॉचर घ्यावा की लिव्हरचा पंचवाला?

तुर्भे_फॅब

आधी "दीड इंची" म्हणजे नक्की काय ते व्हर्नियर लावून बघा. निम्मे चुकीचे होलसॉ इथेच विकत घेतले जातात. आयएस १२३९ (स्टील पाइपचं भारतीय मानक) च्या पाइपला आपण बोरच्या, म्हणजे आतल्या भोकाच्या, मापाने हाक मारतो, त्यामुळे दीड इंची पाइपचा बाहेरचा व्यास ४८.३ मिमी असतो. एक इंचीचा ३३.७, सव्वा इंचीचा ४२.४. फर्निचरची ईआरडब्ल्यू (पट्टी वाकवून विजेने शिवण जोडलेली) ट्यूब आणि स्टेनलेस रेलिंगचा पाइप मात्र बाहेरच्या मापाने विकला जातो, तिथे दीड इंची म्हणजे ३८.१.

होलसॉ घ्यायचा तो ज्या पाइपवर बसवायचं आहे त्याच्या बाहेरच्या व्यासाचा. खाच ज्याला मारता त्याच्या मापाचा नाही. एक इंची उभा पाइप दीड इंची आडव्यावर बसणार असेल तर ४८ मिमीचा होलसॉ.

जाडीही सांगा. ए क्लास (पिवळा पट्टा), बी क्लास (निळा) की सी क्लास (लाल)? निर्णय त्यावर फिरतो.

चौकट_ठाणे

बी क्लास, ३.२ मिमी. आडवा ४८.३, उभे ३३.७. स्टेनलेस १.५ मिमी जाड, ३८.१ वर ३८.१.

तुर्भे_फॅब

मग होलसॉवाला घ्या. पंचवाल्याला प्रत्येक मापाची वेगळी डाय (कापणारा साचा) लागते, तो ९० अंशाच्या जोडालाच बरा, आणि १.५ मिमीचा स्टेनलेस पाइप त्यात चेपतो. एकाच मापाच्या जाड पाइपला रोज शेकड्याने खाचा असतील तर पंचसारखं दुसरं काही नाही, पण तुमचं काम तसं नाही.

स्वस्त नॉचर सगळे दिसायला सारखेच: दोन प्लेटा, मधून शाफ्ट, कोन दाखवणारी चकती, पाइप धरणारा क्लॅम्प. खरा फरक शाफ्टच्या बुशमध्ये (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीत) असतो. दुकानातच होलसॉ चढवा, दातांपाशी बोटांनी धरा आणि आडवा हलवा. खुळखुळ जाणवली तर परत ठेवा. खाचेत होलसॉचे दात सगळीकडून एकदम लागत नाहीत, एका बाजूनेच लागतात. शाफ्ट ढिला असेल तर होलसॉ त्या बाजूपासून दूर ढकलला जातो, दात आपटतात आणि दोन-चार उडाले की पुढचेही जातात. लोक होलसॉला दोष देतात, खरा दोष बुशचा असतो. बुश ब्राँझची किंवा नीडल बेअरिंगची हवी, दोन ठिकाणी आधार हवा, आणि तेल घालायला भोक हवं. लोखंडी प्लेटमधल्या नुसत्या भोकात शाफ्ट फिरत असेल तर तो नॉचर फुकटही घेऊ नका.

दुसरी परीक्षा मध्याची. एक तुकडा कापा आणि खाचेच्या दोन्ही शिंगांची (बाजूंना पुढे येणाऱ्या टोकांची) लांबी मोजा. एक शिंग लांब आलं तर होलसॉचा मध्य पाइपच्या मध्यावर नाही. क्लॅम्पच्या ज्या बाजूला कमी पडतंय तिथे पत्र्याची शिम घालून हे सुधारतं. पण पाइपचं माप बदललं की मध्य हलत असेल, तर तो क्लॅम्प मुळातच चुकीचा बनवलेला आहे.

बजेटचा मोठा हिस्सा फ्रेमवर घालवू नका. बायमेटल (दोन धातू जोडून बनवलेले) होलसॉ चांगले घ्या, ४८ चे दोन आणि ३८ चा एक. कार्बाइड दातांचे घेऊ नका. अशा आपटत्या कापात कार्बाइडचा टवका उडतो.

वागळे_कानस

वरचं सगळं मान्य, पण हँड ड्रिलचं कोणी बोललं नाही. साधं १० मिमीचं एकाच वेगाचं ड्रिल यात चालत नाही, अडीच हजार फेऱ्यांवर होलसॉ अर्ध्या मिनिटात निळा पडतो. माइल्ड स्टीलला ४८ मिमीच्या होलसॉचा वेग १८० आरपीएमच्या आसपास हवा, ३८ च्याला २३०. स्टेनलेसला त्याच्या निम्मा. तुमच्या बेंच ड्रिलच्या पुली-चार्टवर सगळ्यात कमी वेग किती लिहिलाय ते आधी वाचा. ५०० च्या खाली जात नसेल तर साइड हँडलचं, लो गिअर असलेलं हँड ड्रिल बरं. मात्र दात अडकला की ते मनगट पिरगाळतं. हँडल टेबलाला किंवा फ्रेमला टेकवून ठेवा, आणि हातमोजे घालून फिरत्या शाफ्टजवळ जाऊ नका.

आर्बरमधलं (होलसॉ धरणाऱ्या दांड्यातलं) मधलं पायलट ड्रिल काढून टाका, इथे त्याचं काम नाही. मोठ्या होलसॉचा धागा ५/८ इंची असतो, ३० मिमीपर्यंतच्यांचा १/२ इंची. नॉचरच्या शाफ्टवर कोणता आहे ते पाहूनच होलसॉ घ्या. आपल्याकडून जवळचा हत्यारांचा बाजार म्हणजे मुंबईतली नागदेवी स्ट्रीट. जाताना पाइपचा तुकडा आणि व्हर्नियर बरोबर न्या.

कापताना तेल सतत हवं. पहिला दात भिंतीला लागेपर्यंत हलकं दाबा, मग दाब सोडू नका. स्टेनलेसवर तर अजिबात नाही. दात नुसता घासला की तिथला पृष्ठभाग कडक होतो आणि पुढचा दात त्याच्यावर बोथट होतो.

कळंबोली_पाइप

एक वेगळं मत. बी क्लासच्या कामाला नॉचर लागतोच असं नाही. ३३.७ चा पाइप ४८.३ वर ९० अंशात बसवायचा असेल तर कागदी पट्टी करा. परीघ १०५.९ मिमी, त्याचे १२ भाग, प्रत्येक ८.८ मिमी. पायाच्या रेषेपासून उंची क्रमाने ०, १, ३.१, ४.२, ३.१, १, आणि परत ० पासून तेच. बिंदू हाताने गोलाईत जोडा, पट्टी गुंडाळा, खडूने रेघ मारा, पातळ कटिंग चाकाने कापा. दोन शून्यांच्या जागा आडव्या पाइपच्या लांबीच्या दिशेला येतात.

हे आकडे आतल्या व्यासावरून काढलेत, कारण ग्राइंडरच्या सरळ कापात पाइपची आतली कड आधी टेकते. बाहेरच्या व्यासावरून काढले तर आतली कड अडते आणि पाइप वर उचललेला राहतो. बाजूला बाहेरून अडीच मिमीची चीर दिसेल, ती आर्क वेल्डिंगला उपयोगीच, रॉड आत शिरतो.

तुर्भे_फॅब

३.२ मिमीला हे बरोबर आहे, आणि फक्त त्यालाच. होलसॉ खरा दंडगोल कापतो, म्हणून भिंतीची पूर्ण जाडी टेकते. १.५ मिमी स्टेनलेसला टिग (टंगस्टन टोकाचं गॅस वेल्डिंग नव्हे, आर्गॉनमधलं आर्क वेल्डिंग) करताना अर्धा मिमीची फटसुद्धा भोक पाडते. तिथे पट्टीचा मार्ग नको.

चौकट_ठाणे

खूप आभार. मग बी क्लास लगेच पट्टीने सुरू करतो आणि नॉचर बघून घेतो. दोन शंका: ४५ अंशाच्या तिरप्या आधाराला होलसॉची खोली पुरते का? आणि खांबांच्या मध्यातलं अंतर १००० मिमी असेल तर पाइप किती कापायचा?

तुर्भे_फॅब

होलसॉची खोली ४० मिमीच्या आसपास असते. ९० अंशाला पुरते, पण पाइपचं टोक होणाऱ्या शिंगांच्या टोकाएवढंच ठेवा, फार तर १ मिमी जास्त. तसं केलं की टाकाऊ भागाचे दोन चंद्रकोरीसारखे तुकडे होतात आणि वरचा अर्ध्यावरच सुटून पडतो. टोक लांब ठेवलं तर पूर्ण कडं कपात अडकतं आणि तळ टेकून काप थांबतो. ४५ ला पाइपचं टोक आधी कटऑफ मशीनवर ४५ मध्ये कापून घ्या, मग नॉचरवर चढवा. चकतीवरचा ० म्हणजे ९० अंशाचा जोड. आडव्या पाइपशी ३० अंशात बसणाऱ्या आधाराला चकती ६० वर लागते. सगळे नॉचर तिथवर जात नाहीत, घेताना बघा.

लांबी: १००० मधून ४८.३ वजा केले की ९५१.७, हे खाचेच्या तळापासून तळापर्यंत. होलसॉने ३३.७ च्या पाइपला प्रत्येक टोकाला ६.९ मिमीचं शिंग येतं, म्हणून ९६५.४. कापताना ९६६ धरा. कागदी पट्टीने शिंग ४.२ चं, म्हणजे ९६०.

दुसरं टोक कापण्याआधी पाइपवर अँगल आडवा ठेवून एक सरळ रेघ ओढा आणि दोन्ही खाचांना तीच रेघ वर घ्या. पाइप थोडा जरी फिरला तर एक टोक बसतं आणि दुसरं पिळलेलं दिसतं. पाइपच्या आतली वेल्डिंगची शीर दात जिथे पहिल्यांदा लागतात तिथे येऊ देऊ नका. आणि जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप असेल तर टॅक (जागेवर धरणारे वेल्डिंगचे ठिपके) मारण्याआधी जोडापाशी इंचभर जस्त घासून काढा, त्याचा धूर छातीला वाईट.