विषय: आडावरची पाटी कुणी लावली? सोमवारच्या आत कळवा

लंडनहून ताई
मंडळी, सहलीच्या यादीचं नंतर. बेळगावच्या शहापुरात आमच्या परसातल्या आडावर पुन्हा पाटी आली आहे. मागची आम्हीच उतरवायला लावली होती. ही तेलाच्या डब्याच्या पत्र्याची, निळ्या रंगात: "झरा जिवंत आहे. माती टाकू नका." खाली कानडीत 'बावी', कोपऱ्यात '३२ हात'. घर घेणाऱ्यांना वाटतंय, व्यवहार मोडायला आम्हीच लावली. सोमवारी ते आड बुजवायला माती आणणार आहेत. हा माणूस कोण, कुणाला ठाऊक आहे का? मला भांडायचं नाही, बोलायचंय. आडाची खोली ३२ हात, हे बाबा सांगायचे. घराबाहेरच्या माणसाला कसं कळलं?

न्यू जर्सीचे नाना
ताई, पाटी आधी उतरवा. वर मराठी, खाली कानडी. कर्नाटकाच्या भाषा कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर पाटीवर ६० टक्के कानडी लागतं, आणि ते वरच्या बाजूला. घर विकताना नसता ताप कशाला? शिवाय जुन्या जागांचं काम आपल्या मंडळात मी पाहतो, हे मला आधी कळवायला हवं होतं. काँग्रेस विहिरीची माहितीही मीच गोळा केली होती. काँग्रेसच्या १९२४ च्या बेळगाव अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली ती. गांधीजी अध्यक्ष होते ते हेच एक अधिवेशन. विहिरीवर पाटी कशी असावी, याला काही रीत आहे. आणि लिहिणारा शिक्षक असणार. 'जिवंत'चा 'जि' ऱ्हस्व काढलाय, हल्ली दुकानांवर दीर्घच दिसतो.

टोरांटोची वहिनी
नाना, ते ६० टक्के दुकानांना, कारखान्यांना, संस्थांना. परसातल्या आडाला नाही. आणि 'विहीर' म्हणू नका. विहीर रुंद, बहुधा पायऱ्यांची; आपल्या घरांमागे असतो तो अरुंद आड. १९९५ च्या टंचाईत राकसकोप धरण आटलं तेव्हा आमच्या खासबागच्या आडावर अख्खी गल्ली यायची. सासूबाई दोर कुणाच्या हाती देत नसत. कठड्याच्या दगडाला दोरानं खाचा पडल्या होत्या, बोट आत जाईल एवढ्या. एकदा एका विणकराच्या बायकोची कळशी सुटली, तर गळ टाकून दुपारपर्यंत शोधत बसलो. वर आली तिघींच्या तीन, तिची सोडून! ती बाई रडत होती. सासूबाईंनी स्वतःची तांब्याची कळशी तिला दिली आणि पुढं कधी विषय काढला नाही. ती कानडीत बोलायची, सासूबाई मराठीत, आड दोघींचा. म्हणून सांगते, खाली 'बावी' लिहिणारा गल्लीतलाच.

न्यू जर्सीचे नाना
वहिनी, आड अरुंद असतो हे मला माहीत आहे. पण काँग्रेस विहिरीला विहीरच म्हणतात.

वडगावचा दादा
ताई, सकाळी जाऊन आलो. पाटी खिळ्यांवर नाही, तारेनं बांधलीय. पत्र्याच्या कडा आत वळवून हातोडीनं चेपल्यात, पोरांचा हात कापू नये म्हणून. असलीच पाटी मी अनगोळात एका आडावर बघितली होती, तिथं '२६ हात' होतं. तो आड बुजवला, पाटी पण गेली.
३२ चं कोडं सुटलं बघा. कठड्याच्या आत, कपारीत सुतळीचं भेंडोळं ठेवलंय. टोकाला दगड, हाताहाताला गाठ. मी मोजल्या, तळापर्यंत ३२ गाठी. खालच्या ११ गाठी ओल्या होत्या की, दगडाला काळा गाळ. म्हणजे रात्रीच सोडली होती. आणि हा वैशाख आहे, ताई. गल्लीतले नळ चार दिवसांनी येतायत, खरं तुमच्या आडात ११ हात पाणी आहे!
माणूस कुणी बघितला नाही. पेपर टाकणाऱ्या पोरानं पाचच्या सुमाराला सायकल बघितली, मागं तेलाचा डबा बांधलेला. तोंडाला मफलर.
पाटी मी उतरवली नाही. उतरवणार पण नाही. नानांनी सांगितलं तरी.

न्यू जर्सीचे नाना
उतरवू नका. ओल्या गाठींचा फोटो सुतळी वाळायच्या आत काढा. पाणी तपासायचं असेल तर झाकणाची स्वच्छ बाटली, आधी त्याच पाण्यानं विसळून घ्या. खर्च मी देतो, मंडळाकडे मागू नका.

लंडनहून ताई
दादा, बाबा सुतळीनंच मोजायचे. दर अक्षय्य तृतीयेला. मी दगड धरायची. एका वर्षी २९ भरले तेव्हा बाबा जेवले नाहीत, गाळ काढणारे येऊन गेले तेव्हाच ताटावर बसले.
घर घेणाऱ्यांशी आत्ताच बोलले. सोमवार टळला, पुढच्या रविवारी ते स्वतः बघायला येतायत. आडावर लोखंडी जाळी बसवायचे पैसे मी किमतीतून सोडते म्हटलं, त्यांच्या घरात लहान मूल आहे.
सुतळी त्याच कपारीत ठेव. त्या माणसाला परत लागेल. सोबत निळ्या रंगाचा एक डबा ठेवशील का? आणि चिठ्ठीत एवढंच लिही: २६ हातवाला आड अनगोळात नेमका कुठं होता, ते आम्हाला कळवा.