मदत हवी आहे: वेळ थांबवू शकणारी नायिका भाग ३ मध्ये हरेल कशी?

नमस्कार. मी आणि माझी मैत्रीण आठ भागांच्या एका मराठी मालिकेची पटकथा लिहितोय. नोकऱ्या सांभाळून, बहुतेक रविवारी बसून, दोन वर्षं झाली. आता घोडं पेंड खातंय ते भाग ३ मध्ये, म्हणून हा धागा.

आमची नायिका एसटीत वाहक आहे. तिला वेळ थांबवता येते. सगळं जग जागच्या जागी गोठतं आणि फक्त ती हलू शकते. भाग १ मध्ये घाटात गाडीसमोर धावत आलेलं पोर ती उचलून कडेला ठेवते, तिथे तिला स्वतःला ही गोष्ट कळते. भाग ३ मध्ये तिच्या भावाला रात्री चार माणसं मारतात, कारण त्याने बेकायदा वाळू उपशाची तक्रार केलेली असते. ती तिथे हजर आहे. पुढच्या सगळ्या कथानकासाठी भाऊ जखमी होणं आम्हाला हवंच आहे. आम्ही लिहिलं होतं, "ती इतकी घाबरते की तिला काही सुचत नाही."

एका निर्मितीसंस्थेत वाचन झालं. ऐकणाऱ्यांपैकी एकाने तिथेच विचारलं, "मग तिने वेळ का नाही थांबवली?" आम्ही दोघी गप्प. त्याचं बरोबरच होतं. अनोळखी पोरासाठी जे सुचलं ते सख्ख्या भावासाठी सुचत नाही, हे कोण मान्य करेल? मला सगळ्यात जास्त हे लागलं की त्या एका वाक्याने आमची नायिका खोटी ठरली.

तेव्हापासून जुन्या मालिका वही घेऊन पुन्हा बघतेय. 'हीरोज' ही अमेरिकन मालिका २००६ मध्ये एनबीसीवर सुरू झाली. तिच्यातला पीटर पेट्रेली ज्याच्या सहवासात येईल त्याची शक्ती उचलतो. पहिल्या पर्वाच्या शेवटी तो स्वतःच बॉम्बसारखा फुटणार असतो आणि उडू शकणारा त्याचा भाऊ नेथन त्याला शहराबाहेर आभाळात घेऊन जातो. प्रसंग डोळ्यांत पाणी आणणारा आहे. पण पीटरने नेथनची उडण्याची शक्ती आधीच घेतलेली असते. मग तो एकटा का गेला नाही? हा प्रश्न प्रेक्षकांनी तेव्हाही विचारला होता.

आणि त्यानंतर लेखकांनी काय केलं बघा. दुसऱ्या पर्वात पीटर आयर्लंडमध्ये स्मृती हरवून बसलेला सापडतो. वेळ थांबवणारा हिरो नाकामुरा (हिरो हे त्याचं नावच) १६७१ च्या जपानात अडकतो. तिसऱ्या पर्वात पीटरच्या शक्ती त्याचे वडील काढून घेतात. पुढे त्याला शक्ती मिळते ती एका वेळी एकच. हिरोचं मन दहा वर्षांच्या मुलासारखं करून टाकतात, चौथ्या पर्वात त्याला मेंदूत गाठ होते. दुसरं पर्व लेखकांच्या संपामुळे अकरा भागांतच आटोपलं हे खरं, पण हे दुखणं संपाच्या आधीचं होतं. त्या दोघांना काय काय येतं हे ठरलं होतं, काय येत नाही हे ठरलं नव्हतं. मग दर पर्वात त्यांचे पंख छाटत बसावं लागलं.

आम्हाला ते करायचं नाही. तिची शक्ती अर्ध्यातून काढून घ्यायची नाही, खलनायकाच्या हातात अचानक एखादा जादूचा दगडही द्यायचा नाही. मग भाग ३ कसा लिहावा? कोणी मालिकालेखन केलं असेल तर कृपया मार्गदर्शन करा.

प्रतिसाद

ताई, आधी किंमत ठरवा. ती गोठलेल्या वेळात जितकी जगते, तितकं तिचं वय वाढतं असं केलं तर? बाकीच्यांचा एक दिवस, तिचे दोन.

धागाकर्ती

हे आम्ही करून पाहिलं. कागदावर छान वाटतं, पण पोर उचलायला लागतो अर्धा मिनिट. अर्ध्या मिनिटाने कोणी म्हातारं होत नाही, आणि भावाला वाचवायला बाई दहा वर्षंसुद्धा देईल. भाग ३ चा पेच तसाच राहतो.

प्रतिसाद

किंमत आणि मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला मर्यादा हवी आहे.

आपल्याकडे महाभारताने हे काम फार आधी करून ठेवलंय. कर्णाकडे इंद्राने दिलेली शक्ती आहे. ती कोणालाही मारेल, पण एकदाच. कवचकुंडलं देऊन ती मिळाली, आणि ती अर्जुनासाठी राखून ठेवली आहे, हे युद्धाच्या कितीतरी आधी आपल्याला माहीत असतं. चौदाव्या दिवशी रात्री घटोत्कच कौरवसेनेची दाणादाण उडवतो, सगळे कर्णाच्या मागे लागतात आणि ती शक्ती घटोत्कचावर खर्ची पडते. तिथे "हे मध्येच कुठून आलं" असं कोणी म्हणत नाही. नियम आधी सांगितला, वापर नंतर झाला. भीष्मांना इच्छामरण आहे, पण शिखंडीवर आपण शस्त्र उचलणार नाही हे ते स्वतःच सांगून मोकळे झालेले असतात. हनुमानाला आपल्या बळाचा विसर पडेल हा ऋषींचा शापही तसाच, म्हणून समुद्रकिनाऱ्यावर जांबवंताने आठवण करून देणं आपल्याला पटतं.

तुमच्या "तिला सुचत नाही" मध्ये आणि हनुमानाच्या विसरण्यात फरक एवढाच आहे की हनुमानाचं कारण आधी घडून गेलंय.

प्रतिसाद

अगं, 'स्मॉलव्हिल' बघ. २००१ ते २०११, दहा पर्वं, २१७ भाग, आणि नायक कोण तर तरुण सुपरमॅन, म्हणजे क्लार्क! लेखकांनी पहिल्याच दिवशी ठरवलेलं, पोशाख नाही आणि उड्डाण नाही. क्रिप्टोनाइटचा, म्हणजे त्याला दुबळं करणाऱ्या दगडाचा, वापर त्यांनीही भरपूर केला आणि काही भागांत तो कंटाळवाणा होतो, पण मालिका टिकली ती क्लार्कच्या गुपितावर. जिच्यावर प्रेम आहे त्या लानाला सांगू की नको? मित्र लेक्सला कळलं तर? तिथे मुठीचं बळ कामाचं नाही.

शंभरावा भाग तर तुझ्याच प्रश्नावर आहे. क्लार्क लानाला सगळं खरं सांगतो, त्याच दिवशी ती अपघातात मरते. तो तो दिवस परत फिरवतो, ती वाचते, आणि तिच्याऐवजी त्याचे वडील हृदयविकाराने जातात. क्लार्कला जीवदान मिळालं त्याच्या बदल्यात जवळच्या कोणाचा तरी जीव जाणार, हे त्याच पर्वात कितीतरी आधी सांगितलेलं असतं. म्हणून शेवट अन्याय्य वाटतो, पण खोटा वाटत नाही.

प्रतिसाद

मी काही वर्षं दैनंदिन मालिकेसाठी लिहिलंय. तिथे कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि एपिसोडची बँक (आधीच तयार ठेवलेले भाग) संपत आली की कोणाला मागचं तपासायला वेळ नसतो. अशा वेळी एकच उपाय कामी आला: नियमांची वही. तुम्ही दोघीच आहात तरी ठेवा. डाव्या पानावर शक्तीचा नियम, उजव्या पानावर तो प्रेक्षकाला कोणत्या भागात, कोणत्या दृश्यात *दिसला*. उजवं पान कोरं असेल तर तो नियम प्रेक्षकासाठी नाहीच, तुम्हाला कितीही पाठ असो.

दुसरं, मर्यादा नटीला अभिनयातून दाखवता आली पाहिजे. "दिवसातून तीनदाच" असा नियम केला तर तो कोणीतरी बोलून सांगावा लागतो, आणि प्रेक्षक बोटं मोजत बसतो. त्यापेक्षा शरीराशी बांधा. उदाहरणार्थ, ती श्वास रोखून धरेल तोवरच वेळ थांबलेली. श्वास सुटला की जग सुरू. हे कॅमेऱ्याला दिसतं, आवाजातून ऐकू येतं आणि प्रेक्षकही तिच्याबरोबर श्वास धरून बसतो. शिवाय ती काही बलवान झालेली नाही. गोठलेल्या जगातही भावाचं वजन भावाएवढंच.

धागाकर्ती

दादा, श्वासाचं वाचलं आणि मैत्रिणीला लगेच फोन केला. अर्ध्या तासात भाग ३ उलगडला. लिहून ठेवते, चुकत असेल तर सांगा.

भाग १ मध्ये पोर उचलताना तिने दचकून श्वास रोखलेला असतो, हे आमच्या दृश्यात आधीपासूनच होतं! फक्त तो नियम आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. भाग २ मध्ये ती एकटीच डेपोत घड्याळासमोर उभी राहून किती वेळ जमतं ते बघते. सुरुवातीला वीस सेकंद, मग चाळीस. म्हणजे वहीचं उजवं पान भरलं.

भाग ३ मध्ये भावाचा फोन येतो आणि ती स्टँडपासून नदीपर्यंत धावत जाते. पोचते तेव्हा तिला धाप लागलेली, रडू फुटलेलं. ती श्वास रोखायचा प्रयत्न करते. काठी भावाच्या डोक्यावर हवेत थांबते. एक पाऊल, दोन, पाच. हुंदका येतो, श्वास सुटतो, काठी खाली येते. ती पुन्हा धरायला बघते, पण आता एक सेकंदही टिकत नाही.

भाऊ जखमी होतो, आणि त्याला वाचवण्यासाठी तिने सगळं पणाला लावलेलं असतं. शिवाय त्या चौघांपैकी एकाने पाहिलंय की ही बाई लांब होती आणि पापणी लवायच्या आत पाच पावलं पुढे आली. गुपिताचं जे वर कोणी लिहिलंय ते इथून सुरू होईल. आमचे भाग ४ आणि ५ अगदीच पोकळ होते, त्यांना आता हा माणूस मिळाला.

एक शंका उरलीय. भाग ७ नदीच्या पुरात घडतो. पाण्याखाली तिचा श्वास आपोआपच रोखलेला असणार, मग बुडी मारली की दर वेळी वेळ थांबेल का? की मनात इच्छाही हवी? हे भाग २ मध्येच कुठेतरी दाखवावं लागेल. डेपोतल्या नळाखाली तोंड धुताना चालेल का?