मदत हवी आहे: डिझेल पंपाला सायलेन्सर केला, आवाज उतरला, पण शेजाऱ्यांची तावदानं थरथरायला लागली

राऊचा बटाटेवाला:

नमस्कार मंडळी. इंदूरजवळ राऊच्या पुढे आमची तीन एकर जमीन आहे. आजोबांच्या वेळी चहूकडे बटाटा आणि गहू असायचा, आता तिन्ही बाजूंनी कॉलन्या झाल्यात. शेतीच्या लाइनची वीज अवेळी येते, त्यामुळे विहिरीवर जुनं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन अजून ठेवलंय. एक सिलिंडर, चार स्ट्रोक, पाण्यावर थंड होणारं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८० मिमी, स्ट्रोक (दट्ट्याची धाव) ११० मिमी, वेग १५०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला १५०० फेऱ्या. मूळचा बिडाचा सायलेन्सर गंजून भोकं पडली आणि पहाटे सहाला सुरू केलं की अख्खी कॉलनी जागी. मागच्या बंगल्यातल्या काकू आमच्या आईच्या भजनी मंडळातल्या, म्हणून प्रकरण पोलिसात गेलं नाही एवढंच.

मग दिवाळीनंतर स्वतःच सायलेन्सर करायला घेतला. वाचून वाचून एवढं समजलं की डब्याचं आकारमान सिलिंडरच्या निदान दहापट हवं. माझं सिलिंडर ५५३ सीसी, म्हणजे साडेपाच लिटर. भंगारातून ट्रकच्या ब्रेकची जुनी एअर टाकी आणली: व्यास २०० मिमी, लांबी ५०० मिमी, जवळपास १६ लिटर. म्हणजे दहापट कुठे, अठ्ठावीसपट! आत येणारा पाइप ४० मिमीचा, तो टाकीत निम्म्यापर्यंत नेला. बाहेर जाणारा तेवढ्याच व्यासाचा, एकूण एक मीटर, त्यातला पाव टाकीएवढा भाग आत. वेल्डिंग पक्कं, कुठे गळती नाही.

निकाल: मोबाइलच्या ॲपवर दहा पावलांवरून आधी ९४ डेसिबल दाखवायचं, आता ८१. फटफट गेली, खोल 'धुक्‌ धुक्‌' राहिली. मी खूश. दुसऱ्या दिवशी काकू दारात. म्हणे, "अरे आवाज कमी झाला, पण माझ्या खिडक्या खुळखुळतात. फोडणीचा डबा फडताळात आपोआप सरकतो." चाळीस मीटर लांब आहे त्यांचं घर. जाऊन पाहिलं, खरंच थरथरतात. पूर्वी नव्हतं म्हणे.

एक विचित्र गोष्ट: म्हटलं वेग कमी करून बघू. गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) सैल करून १३०० वर आणलं, तर थरथर वाढली! इथे डोकं चालेना. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पोहे_सेव_जिरावण:

काकूंना आधी मफलर भेट द्या, लोकरीचा. (अवांतर थांबवतो.) भिया, टाकीत ग्लासवूल भरून बघितलं का? बाइकवाले पोरं काढून टाकतात तेच तुम्ही घाला.

निवृत्त फिटर:

ग्लासवूल डिझेलला नको. चार महिन्यांत काजळी बसून गादी होते आणि मग काही शोषत नाही. घालायचंच तर रॉकवूल (दगडापासूनची लोकर), तेही जाळीदार नळीच्या बाहेर. पण त्यानं बारीक, तीक्ष्ण आवाज मरतो. तुमची तक्रार जाड आवाजाची आहे, तिथे त्याचा काडीचा उपयोग नाही.

दोन गोष्टी तपासा. इंजिन आणि टाकी यांच्यामध्ये लवचीक पाइप आहे का? नसेल तर इंजिनाची थरथर टाकीला, टाकीची खांबाला, आणि एक दिवस वेल्डिंग तडकणार. दुसरं, टाकीच्या तळाला पाच-सहा मिमीचं भोक पाडा. लिटरभर डिझेल जळलं की साधारण लिटरभरच पाणी वाफ होऊन निघतं. सकाळी थंड टाकीत ते साचतं आणि आतून पत्रा खातं.

आणि बाहेरचा पाइप लांब करून बघा. आमच्या काळी वर्कशॉपमध्ये काही सुचलं नाही की पाइप लांब करायचे.

राऊचा बटाटेवाला:

फिटरकाका, लवचीक पाइप आहे, भोक पाडलं. पाइपला दोन मीटरचा तुकडा जोडून एकूण तीन मीटर केला. काकूंच्या खिडक्या गप्प! पण जल्लोष करायच्या आत आमच्याच पंपघराचं पत्र्याचं दार वाजायला लागलं, आणि काकू म्हणतात की आता छातीत काहीतरी दाबल्यासारखं होतं. आवाज येत नाही, पण काहीतरी येतं. आईचं म्हणणं, तू इंजिन विकून टाक.

ध्वनिलहरी:

धागाकर्ते, तुम्ही दिलेल्या मापांतच उत्तर आहे. १३०० वरचं निरीक्षण लिहिलंत ते फार बरं केलंत, त्यानेच चोर सापडला.

चार स्ट्रोकचं एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा धूर फेकतं. १५०० आरपीएमला मिनिटाला ७५० धक्के, सेकंदाला साडेबारा. म्हणजे मूळ कंप्रता १२.५ हर्ट्झ, आणि तिच्या पटी: २५, ३७.५, ५० अशा वर वर. तुम्ही वाचून केलेली रचना, म्हणजे मोठा डबा आणि त्यात निम्म्यापर्यंत व पावापर्यंत घुसवलेले पाइप, ही चांगलीच आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले (आयआयएससी) प्रा. मुंजाल यांनी या विषयावर जे मूलभूत काम केलंय, त्यात असे घुसवलेले पाइप सविस्तर येतात. नुसता डबा काही कंप्रता सरळ जाऊ देतो. गरम धुरात आवाजाचा वेग ३०० अंशाला सेकंदाला ४८० मीटरच्या आसपास असतो, त्या हिशेबाने तुमची अर्ध्या मीटरची टाकी २४० हर्ट्झला उत्तम अडवते आणि ४८० ला जवळजवळ अडवतच नाही. आत घुसवलेला पाइप ती फट बुजवतो. पाइपपेक्षा टाकीचं क्षेत्रफळ २५ पट आहे, म्हणून कागदावर जास्तीत जास्त २२ डेसिबलची घट. तुम्हाला १३ मिळाली, ठीकच आहे.

पण हा सगळा हिशेब शंभर हर्ट्झच्या वरचा. त्याच्या खाली तुमची टाकी सायलेन्सर राहत नाही, घागर होते. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठरावीक सुरात घुमते ना, तेच. टाकीतला धूर म्हणजे स्प्रिंग, बाहेरच्या पाइपमधला धूर म्हणजे त्या स्प्रिंगला टांगलेलं वजन. १५.७ लिटर टाकी, ४० मिमी व्यासाचा एक मीटर पाइप: घुमण्याची कंप्रता साधारण २१.६ हर्ट्झ येते. तुमच्या धक्क्यांची दुसरी पट २५ ची, म्हणजे अगदी जवळ. घुमण्याच्या कंप्रतेच्या साधारण १.४ पट वर गेल्याशिवाय घट सुरूच होत नाही, उलट वाढ होते. आता १३०० आरपीएम: मूळ १०.८, दुसरी पट २१.७. बरोब्बर घागरीच्या सुरात! म्हणून वेग कमी केल्यावर थरथर वाढली.

मग तुम्ही पाइप तीन मीटर केलात. त्याने घुमण्याची कंप्रता खाली आली १२.५ वर. २५ चा धक्का तिच्या दुप्पट झाला, म्हणून खिडक्या शांत. पण आता मूळ धक्काच घागरीत सापडला. माणसाच्या कानाला १२.५ जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून 'आवाज नाही पण काहीतरी येतं'. काकूंचा कान शास्त्रीय आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा.

ॲपवर विसंबू नका. डेसिबल-ए नावाचं जे मोजमाप असतं, ते कानासारखं ऐकतं: २५ हर्ट्झला सुमारे ४५ डेसिबल वजा करून दाखवतं, १२.५ ला ६३. खिडकीला मात्र कान नसतो, ती कच्च्या दाबाने हलते. शिवाय फोनचा माइक इतक्या खाली बहिराच.

लोखंडी कढई:

वा! मग टाकी दुप्पट केली तर?

ध्वनिलहरी:

दुप्पट टाकी आणि तीन मीटर पाइप, दोन्ही केलं तर ८.८ हर्ट्झ येईल. १२.५ ला त्याच्या १.४ पट. म्हणजे जेमतेम काठावर. धुराचं तापमान बदललं की हा आकडाही सरकतो, तेव्हा काठावर राहू नये. सहा-सात हर्ट्झपर्यंत उतरा. पाइप बारीक करूनही उतरता येतं, पण मग धूर अडून इंजिनावर येणारा मागचा दाब वाढतो.

निवृत्त फिटर:

दाबाची फार भीती नको. हे इंजिन मिनिटाला ४१५ लिटर हवा ओढतं. गरम होऊन ती जवळपास दुप्पट होते, तरी ४० मिमीच्या पाइपात सरासरी वेग सेकंदाला दहा-अकरा मीटर. काहीच नाही. तरी खात्री करायची तर पारदर्शक नळी यू आकारात वाकवून पाणी भरा, एक टोक पाइपला लावा. दहा सेंटिमीटर फरक म्हणजे एक किलोपास्कल. धक्क्यांमुळे पाणी नाचतं, नळी जरा चिमटीत धरली की स्थिर होतं.

मोठं आकारमान हवं तर आमच्याकडे खेड्यात सरळ विटांचा खड्डा करून धूर त्यात सोडत. फटफट कुठच्या कुठे जाते.

काळी_माती:

माळव्यात विटांचा खड्डा करू नका हो! काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. एका वर्षात भिंत फाटते आणि धूर भलतीकडून निघतो.

आणि एक गंभीर गोष्ट. इंजिन विहिरीवर आहे म्हणालात. धूर सोडायची जागा विहिरीपासून लांब ठेवा. भेगांतून किंवा वरून धूर विहिरीत उतरून साचला आणि फूट व्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपच्या तळाची झडप) काढायला कुणी खाली उतरलं, तर तो माणूस वर येत नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. आमच्या भागात अशी घटना पाहिलेली आहे, म्हणून कळकळीने लिहितोय.

लोखंडी कढई:

मग २०० लिटरचा ड्रम? पत्रा पातळ असतो खरा.

ध्वनिलहरी:

उत्तम. २०० लिटर आणि एक मीटर पाइप: सहा हर्ट्झ. १२.५ दुपटीच्या वर, म्हणजे मूळ धक्का एक-तृतीयांशापेक्षा कमी, २५ चा तर सोळाव्या हिश्शाच्या आसपास. ड्रमचा व्यास ५७० मिमी धरला तर वरच्या कंप्रतांनाही क्षेत्रफळाचं गुणोत्तर दोनशेच्या पुढे जातं. पाइप आत निम्म्यापर्यंत आणि पावापर्यंत, तीच युक्ती. फक्त पातळ पत्रा स्वतः डबडं होऊन वाजेल. भोवती सगळीकडून वीतभर वाळू हवी. जुनी टाकी मध्ये जोडू नका, नाहीतर घागरीला दुसरी घागर, आणि नवा सूर.

निवृत्त फिटर:

ड्रम तेलाचा असेल तर तसाच कटर लावू नका. आतली वाफ पेटून माणूस उडालेला मी पाहिलाय. सोडा घालून गरम पाण्याने दोनदा धुवा, मग जिथे कापायचं तेवढी जागा सोडून पाण्याने भरा, आणि कापा.

पोहे_सेव_जिरावण:

नियमाचं कुणी बोललं नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात सकाळी सहा ते रात्री दहा ५५ डेसिबल, रात्री ४५. तुम्ही सहाला चालू करता म्हणजे तांत्रिकदृष्ट्या दिवस आहे. :)

राऊचा बटाटेवाला:

उशिरा लिहितोय, माफी. बटाट्याची काढणी होती.

इंदूरच्या सियागंज बाजारातून ड्रम आणला, फिटरकाकांच्या सांगण्याप्रमाणे धुतला आणि पाणी भरून कापला. वेल्डिंगवाल्या भैयांना वाटलं मी वेडा आहे. विहिरीच्या उलट बाजूला, वीस पावलांवर, अर्धा जमिनीत, भोवती पत्र्याचा कठडा करून वाळू. बाहेरचा पाइप वर तोंड करून, टोकाला पावसासाठी हलकी झडप. इंजिनापासून ड्रमपर्यंतचा पाइप लांब झाला म्हणून यू नळी लावून पाहिली, पाणी जेमतेम चार सेंटिमीटर हललं. तळाच्या भोकातून पहिल्या दिवशी काळं पाणी बादलीभर गेलं नसेल, पण तांब्याभर नक्की.

खिडक्या गप्प, दार गप्प. १३०० ते १५०० सगळीकडे फिरवून पाहिलं. काकूंच्या फडताळावर फुलपात्र पाण्याने भरून ठेवलं होतं, पाण्यावर तरंगसुद्धा नाही. ॲपवर दहा पावलांवरून ७३, म्हणजे काकूंच्या अंगणात साठीच्या आसपास. ५५ ला अजून कमीच पडतंय.

आता धुराचा आवाज वेगळा ओळखूच येत नाही. उरली ती इंजिनाची स्वतःची खडखड आणि हवा ओढतानाचा भसाभस आवाज. तो एअर क्लीनरपाशी कान नेला की स्पष्ट कळतो. इथेही जुनी टाकी लावता येईल का? पडूनच आहे.

ध्वनिलहरी:

येईल. हिशेब तोच, फक्त हवा थंड आहे, आवाजाचा वेग ३४५ धरा. मीटरभर नळी धरून तुम्हीच काढा आणि इथे लिहा.

निवृत्त फिटर:

आधी आतली काजळी तारेच्या ब्रशने पूर्ण घासून, धुऊन, वाळवून. आणि फिल्टर टाकी आणि इंजिनाच्या मध्ये, टाकीच्या पलीकडे हवेच्या तोंडाशी नव्हे. नाहीतर जुनी काजळी आणि वेल्डिंगची खवलं थेट लायनरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या अस्तरात).

राऊचा बटाटेवाला:

काढलं. साडेपंधरा हर्ट्झ. म्हणजे १२.५ च्या उशाशी, पुन्हा तेच लफडं. तीन मीटर नळी धरली तर नऊच्या जरा खाली येतं, तेही काठावरच. चार मीटर घेतो, ७.८ येतं. उद्या नळी बघायला जातोय. आत स्प्रिंगची तार असलेली घेऊ ना, ओढीने चपटी होणार नाही अशी?

निवृत्त फिटर:

तीच घ्या. आतून गुळगुळीत बघून.