टूरवाले म्हणजे मेंढरं? मग ऐकाच आता

गोदाकाठची:
परवा एकाने इथे लिहिलं की टूर कंपनीबरोबर युरोपला जाणारे म्हणजे मेंढरं, झेंडा वर दिसला की मागे पळायचं, त्यांनी युरोप बघितलाच नाही, खरा प्रवास म्हणजे स्वतः तिकिटं काढून केलेला. सोडून देणार होते पण खालचं "अगदी अगदी" वाचून डोकं फिरलं.

आम्ही गेलो होतो स्वतः, दोन कुटुंबं, सासूबाई धरून. नवरा अजून लग्नाकार्यात सांगतो, आपण टूरबिर काही घेतली नाही. नाही घेतली, कारण टूर मॅनेजर घरातच होती आणि तिला पगार नव्हता. शेंगेनला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एका व्हिसाला, माणशी 90 युरो फी, व्हिसा नाकारला तरी परत नाही, इन्शुरन्स 30,000 युरोचा पाहिजे, जिथे मुक्काम जास्त त्याच देशाकडे अर्ज, सगळ्यांचे इन्कम टॅक्स रिटर्न आणि बँकेचे स्टेटमेंट गोळा करा, मग बोटांच्या ठशांसाठी वरात मुंबईला. हे सगळं ऑफिसातून येऊन, कुकर लावून, रात्री. पॅरिसचं लूव्र म्युझियम मंगळवारी बंद असतं हे कोणी बघितलं? मी. इटलीत लोकल गाडीचं कागदी तिकीट चढायच्या आधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये घालून छाप मारून घ्यायचं असतं, नाहीतर तिकीट असून दंड, हे कोणी वाचलं होतं? आणि फ्लॉरेन्सला गाडी सुटायच्या बेतात असताना सगळ्यांची तिकिटं मुठीत धरून ते मशीन शोधत पळालं कोण? बाकीची मंडळी डब्यात खिडकीची जागा कोणाची यावर भांडत होती. पुढच्या वेळी मी टूरनेच जाणार. मेंढरू तर मेंढरू.

सिडकोचा सम्या:
ती पोस्ट माझीच. ताई, तुमच्या घरात सगळं काम एकटीवर पडतं त्याचा राग माझ्यावर कशाला? आईबाबांना मी टूरनेच पाठवलं होतं, कंपनीचं नाव घेत नाही. पॅरिस म्हणून दिलेलं हॉटेल शहराबाहेर विमानतळाजवळ, संध्याकाळी पाय मोकळे करायला हायवे. व्हेनिसला निम्मा वेळ काचेच्या दुकानात, फुंकून घोडा करून दाखवतात आणि मग दार लावून विक्री. बाबा जन्मभर ड्रॉइंगचे मास्तर, त्यांना सान मार्कोच्या चर्चमधलं सोनेरी मोझॅक आतून बघायचं होतं. बाहेरून फोटो, चला. परत आल्यावर विचारलं काय पाहिलं, तर म्हणाले बस चांगली होती. याला प्रवास म्हणायचं?

पंचवटी पेन्शनर:
सम्या, घाईचं कारण तुला माहीत नाही म्हणून सांगतो. तिकडे बसच्या ड्रायव्हरने साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबायलाच लागतं, दिवसाला 9 तास, आठवड्यातून फार तर दोनदा 10. गाडीत टॅकोग्राफ असतो, सगळं नोंदलं जातं. आमच्यातलं एक जोडपं स्वित्झर्लंडात लुसर्नला घड्याळं बघत बसलं, त्यापायी पुढचा थांबा रद्द झाला आणि शिव्या खाल्ल्या टूर मॅनेजरने. आपल्याकडे कसारा घाटात रात्रभर डोळे चोळत गाडी हाकणारे बघायची सवय, त्यामुळे पटत नाही.

मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होतो. देशाचे पासपोर्ट तिथे छापले जातात, पण स्वतःच्या पासपोर्टवर परदेशाचा शिक्का पडायला रिटायरमेंट उजाडली. आता गुडघे बदललेल्या बायकोला घेऊन रोमच्या स्टेशनावर प्लॅटफॉर्म शोधत हिंडू का? बस हॉटेलच्या दारात लागते, बॅग कोणीतरी उचलतं. बास.

एकटी जीव सदाशिव:
काका तुमचं ठीक, पण परदेश म्हणजे फक्त युरोप का? व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या निघतो, 25 डॉलर. मी एकटी गेले, हनोईत रस्ता ओलांडायला शिकले तेवढाच काय तो त्रास, आणि नाशिकच्या द्वारका सर्कलवर वाढलेल्या माणसाला तोही नाही. टूरवाले त्याच व्हिएतनामचे किती घेतात ते विचारा एकदा.

खर्चाचा हिशोब:
टीसीएसचं, म्हणजे पॅकेज घेताना आगाऊ कापतात त्या कराचं, कोणीच बोलत नाही! ऑक्टोबर 2023 मध्ये पॅकेजवर 7 लाखांच्या वर 20 टक्के लावला होता, तेव्हा भावाने सगळ्या घरादाराचं बुकिंग एकाच नावावर केलं, मर्यादा ओलांडली आणि मोठी रक्कम रिटर्न भरेपर्यंत अडकून बसली. विमान वेगळं, हॉटेल वेगळं स्वतः काढलं तर पॅकेजच होत नाही, मग तो लागत नाही. पैसे परत मिळतात हे मलाही माहीत आहे, कोणी शिकवू नका.

इंदिरानगरची आजी:
मी टूरने जाते ते जेवणासाठी. रात्री गरम वरणभात मिळतो. लेकीकडे जर्मनीला गेले की मात्र तूप, पेढे, भाजणी सगळं घरून नेते.

सिडकोचा सम्या:
आजी, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे दोन्ही बाद.

इंदिरानगरची आजी:
तूप कढवलेलं असतं रे, त्यात दूध कुठे राहिलं. आजवर कोणी अडवलं नाही.

एकटी जीव सदाशिव:
आजी बरोबर आहेत. कस्टमच्या ग्रीन चॅनेलमधून सरळ बाहेर, कोण बघतंय.

पंचवटी पेन्शनर:
अडवलं नाही म्हणजे चालतं असं होत नाही. अशाच लोकांमुळे मग सगळ्या भारतीयांच्या बॅगा उघडतात.

एकटी जीव सदाशिव:
तुपाच्या बरणीवरून देशाची अब्रू? काका, शांत व्हा.

पंचवटी पेन्शनर:
शांतच आहे. नियम पाळा म्हणणाऱ्यालाच शांत हो म्हणायचं ही नवी पद्धत.

निफाडचा बागायतदार:
मी बोलू का, आमचा रोजचा धंदा आहे. आमची द्राक्षं कंटेनरने रॉटरडॅमला जातात. मण्याची साइज, साखर, औषधांचा रेसिड्यू, सगळं तपासून होतं, वर फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे मालात कीडरोग नाही याचा सरकारी दाखला, एक औषध मर्यादेच्या वर निघालं की वर्षभराची मेहनत लोकल मार्केटला. आणि पोराला भेटायला जाताना त्याच बागेतला एक घड बॅगेत टाकला तर तो कचऱ्यात, कारण माझ्याकडे त्या घडाचा कागद नाही. ताजं फळ म्हटलं की कागद लागतो, केळी, नारळ, अननस, खजूर असली चारदोन सोडून. आंब्यालाही लागतो. तुपाचं सम्या म्हणतो ते खरं आहे.

सिडकोचा सम्या:
चला, एका गोष्टीत तरी मी बरोबर ठरलो.

गोदाकाठची:
मी कशावर लिहिलं होतं आणि तुम्ही कुठे पोचलात! सम्या, बाबांचं मोझॅक राहिलं त्याचं वाईट वाटलं, खरंच. त्यांना परत न्यायचं असेल तर तू स्वतः ने, आणि फॉर्मही तूच भर, बायकोच्या टेबलावर ठेवू नकोस. एवढं केलंस तर तुझ्या पोस्टला मीपण लाईक देईन.

सिडकोचा सम्या:
लग्न झालेलं नाही माझं. फॉर्म मीच भरतो.

गोदाकाठची:
तरीच.

इंदिरानगरची आजी:
ते राहू दे. लोणचं चालतं का तेवढं सांगा, शुक्रवारी निघायचंय.

निफाडचा बागायतदार:
कैरीचं चालतं आजी, दूध नाही मांस नाही. झाकणाला टेप लावा, तेल सुटलं तर साड्या गेल्या.